परसातल्या कोंबड्या आणि बदके : एका अंगणात दोघांचा संसार कसा चालवावा?

रानवारा (खानापूर तालुका)

गेल्या काही वर्षांत आमच्या आजूबाजूच्या अनेक घरांनी कोंबड्यांच्या जोडीला बदके आणली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती दसऱ्याच्या आत विकूनही टाकली. कारण विचारले तर सगळीकडे साधारण एकच उत्तर मिळते : अंगणाचा चिखल झाला आणि कोंबड्या आजारी पडू लागल्या. आमच्या घरी दोन्ही पक्षी बरीच वर्षे आहेत आणि जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या पावसातही ते धडधाकट राहतात, म्हणून आमची मांडणी येथे सविस्तर लिहीत आहे.

माझे मत असे आहे की बदके आणि कोंबड्या एका अंगणात खुशाल राहाव्यात, पण त्यांना एका छपराखाली कोंडू नये, कारण दोघांचे पाण्याशी असलेले नाते अगदी उलट आहे. बदकाला चोच, नाकपुड्या आणि डोळे धुण्यासाठी डोके पूर्ण बुडेल एवढे, म्हणजे ५ ते ६ इंच खोल पाणी लागते. खाद्याचा घास तोंडात घेतला की ते धावत पाण्याकडे जाते आणि परतताना चोचीतून पाणी सांडत येते. त्याच्या विष्ठेतही जवळजवळ ९० टक्के पाणीच असते. कोंबडीला मात्र पायाखालची जमीन कोरडी लागते. खुराड्यातला तूस ओला झाला की अमोनियाचा उग्र वास सुटतो, डोळे चुरचुरतात, आणि ३ ते ६ आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण लागायला वेळ लागत नाही.

त्यामुळे आम्ही कोंबड्यांचे खुराडे उंच दगडी जोत्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बांधले आहे, आणि बदकांची खोपी अंगणाच्या उताराला, केळी आणि अळूच्या वाफ्यांच्या वर ठेवली आहे. बदकांसाठी तळे खणलेले नाही. खानापूरच्या कुंभारांकडून आणलेली रुंद तोंडाची मातीची कुंडी त्यांना पुरते. ती रोज संध्याकाळी केळीत उपडी केली जाते आणि सकाळी ताज्या पाण्याने भरली जाते. कोंबड्यांचे पिण्याचे भांडे मात्र विटांवर, त्यांच्या पाठीच्या उंचीला ठेवावे, म्हणजे त्यात चिखल-कचरा कमी पडतो.

सकाळी उजाडताच कोंबड्या बाहेर सुटतात, बदके मात्र ९ वाजेपर्यंत आतच राहतात. बदके पहाटे आणि सकाळच्या पहिल्या प्रहरात अंडी घालतात. लवकर सोडली तर ती ओढ्याकाठी, गवतात, वाटेल तेथे घालून मोकळी होतात. खोपीत अंडे सहसा उघड्यावर दिसत नाही. बदक चोचीने पेंढा ओढून ते झाकून ठेवते, त्यामुळे हात पेंढ्याखाली घालून चाचपत जावे लागते, आणि बोटांना आधी ऊब लागते, अंडे नंतर.

रात्रीच्या बंदोबस्ताबद्दल थोडे लिहिते. भीमगडचे जंगल जवळ असल्याने आमच्याकडे रानमांजर आणि उदमांजर नेहमीचे आहेत, दिवसा मुंगूस असतेच. उदमांजर कौले सरकवून आत उतरते, त्यामुळे कौलांच्या खालून जाळी मारणे आवश्यक आहे, आणि ती वळवलेल्या तारेची पातळ षटकोनी जाळी नसून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी असावी. बाजूंनाही तीच जाळी लावून तिची खालची कडा वीतभर जमिनीत पुरावी. कोंबड्या अंधार पडताच आपणहून दांडीवर जाऊन बसतात, बदकांना मात्र हाकून आत घ्यावे लागते. बदके जमिनीवरच झोपत असल्याने घुशीने पोखरलेली एखादी फटही त्यांना धोक्याची ठरते.

नवे परस (बेळगाव शहरालगत)

रानवाराताई, अतिशय उपयुक्त लेखन आहे. आमची जागा सहा-सात गुंठे आहे आणि शेजारी घरे आहेत. सुरुवात किती पक्ष्यांपासून करावी, कोणत्या जातीचे घ्यावेत, आणि आवाजामुळे शेजाऱ्यांना त्रास होईल का, हे कृपया सांगाल का?

रानवारा

बदकांमध्ये खाकी कॅम्पबेल ही अंड्यांची जात आहे. उत्तम खाद्य आणि व्यवस्था असेल तर ती वर्षाला ३०० पर्यंत अंडी देते. परसात एवढी अपेक्षा धरू नये, तरीही ती गावठी कोंबडीच्या कितीतरी पुढे राहते. बेंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेत या जातीचे संगोपन होत आले आहे. कोंबड्यांमध्ये बेंगळूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात तयार झालेल्या गिरिराज आणि स्वर्णधारा, हेसरघट्ट्याची कावेरी, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज आणि ग्रामप्रिया, या सगळ्या जाती परसासाठीच काढलेल्या आहेत.

माझा आग्रह मात्र असा आहे की या सुधारित पक्ष्यांबरोबर दोन-तीन गावठी कोंबड्या असायलाच हव्यात. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते म्हणून तिला कमी लेखले जाते, पण खुडूक होऊन अंड्यांवर बसण्याचा तिचा गुण सुधारित जातींमध्ये जवळजवळ उरलेला नाही आणि खाकी कॅम्पबेल मादीही सहसा अंडी उबवत नाही. पिल्ले घरच्या घरी हवी असतील तर ती गावठी कोंबडीच देणार. शिवाय घारीची सावली पडली की पिल्लांना पंखांखाली घेण्याचे शहाणपण तिच्याइतके कोणात नाही.

सुरुवातीला पाच-सहा कोंबड्या आणि एक कोंबडा, चार-पाच बदके आणि एक नर, एवढे पुरे. बदकाचा नर माद्यांशिवाय कोंबड्यांमध्ये कधीही ठेवू नये. तो कोंबड्यांवर चढतो आणि त्यांना गंभीर इजा करतो. आवाजाचे म्हणाल तर मादीचाच आवाज मोठा असतो, नराचा घोगरा आणि हलका असतो. पाणी व खाद्य वेळेवर मिळाले तर त्या फारशा ओरडत नाहीत. रात्री कुत्री भुंकून बदके बिथरत असतील तर खोपीत मंद दिवा ठेवावा. त्यांना धरताना कोंबडीसारखे पायांना धरू नये, कारण बदकाचे पाय नाजूक असतात; एक हात छातीखाली घालून पंख अंगाशी दाबून उचलावे.

दूधगंगाकाठ (निपाणी परिसर)

आमच्या भागात मका, भुईमूग आणि सोयाबीन घरचेच असल्यामुळे विकतचे खाद्य आम्ही जवळजवळ आणत नाही. भरडलेला मका, तांदळाचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि थोडी सुकट, असे मिश्रण असते. अंड्याचे कवच पातळ होऊ नये म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवतो, म्हणजे ज्या कोंबडीला लागेल ती खाते. सोयाबीन थेट दिले तर चालते का, याबद्दल जाणकारांनी सांगावे. आणखी एक जुनी रीत आमच्याकडे आहे : खुडूक कोंबडी बसवताना पाटीच्या तळाशी तंबाखूच्या सुक्या काड्या घालतात, म्हणजे उवा आणि पिसवा होत नाहीत.

नदीकाठच्या लोकांसाठी एक सूचना करतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात काठावरच्या अनेक घरांना पक्ष्यांचे काय करावे हे सुचले नाही. बदके पोहतात म्हणून मोकळी सोडून देणे हा त्यावर उपाय नाही. ती प्रवाहाबरोबर दूर जातात आणि परत येत नाहीत. पाणी चढू लागताच दोन्ही पक्षी डालग्यांखाली किंवा क्रेटमध्ये घालून उंचावर न्यावेत, आणि त्यासाठी पावसाळ्याआधीच रिकामे क्रेट हाताशी ठेवावेत.

निवृत्त पशुवैद्य (हुक्केरी तालुका)

वरील चर्चा वाचून समाधान वाटले. खाद्याविषयी दोन गोष्टी कळकळीने सांगू इच्छितो.

पहिली गोष्ट बुरशीची. आपल्याकडे परतीच्या पावसात भिजलेला मका किंवा बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड "कोंबड्यांना घाला, वाया कशाला घालवायची" म्हणून सर्रास दिली जाते. अशा मालात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि त्याचा सर्वांत मोठा बळी बदकाचे पिल्लू असते. १९६० साली इंग्लंडमध्ये १ लाखाहून अधिक टर्की पक्षी एका अनोळखी रोगाने मेले, बदकांची पिल्लेही मेली, आणि शोध घेताना कारण सापडले ते ब्राझीलहून आलेल्या बुरशीयुक्त शेंगदाणा पेंडीत. या विषाचा शोधच मुळी तेथून लागला. कोंबड्या तोच माल खाऊन काही काळ तग धरतात, त्यामुळे मालकाला वाटते की खाद्यात दोष नाही, आणि बदकांच्या यकृताची मात्र तोपर्यंत वाट लागलेली असते. दाणे उन्हात वाळवल्याने किंवा भाजल्याने हे विष पूर्णपणे जात नाही. बुरशीचा वास येणारा माल कोणत्याही पक्ष्याला देऊ नये, तो खतात टाकावा.

दुसरी गोष्ट सोयाबीनची. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचकद्रव्याला अडवणारा घटक असतो, त्यामुळे कच्चे दाणे खाऊनही पक्ष्याला त्यातील प्रथिने नीट मिळत नाहीत. कढईत व्यवस्थित भाजून भरडलेले सोयाबीन द्यावे. पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे उरले असेल तर ते धुऊनसुद्धा वापरू नये.

तंबाखूच्या काड्यांची रीत मला माहीत आहे आणि तिच्यात तथ्य आहे, कारण निकोटीन हे कीटकनाशकच आहे. पण ते पक्ष्यालाही विषारी आहे. काड्या कोरड्या राहिल्या पाहिजेत, त्यांचे पाणी पिण्याच्या भांड्यात जाता कामा नये, आणि पिल्ले निघण्याच्या बेतात असताना त्या काढून टाकाव्यात. माझा कल चुलीतल्या राखेकडे आहे. राख आणि कोरडी माती मिसळलेला खड्डा छपराखाली करून द्यावा, कोंबड्या त्यात लोळून आपले अंग आपणच स्वच्छ करतात.

आता लसीकरण. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, वस्तीत शिरला की हिरवट-पांढरी हगवण, धाप आणि मान वाकडी होणे ही लक्षणे दिसतात आणि पाहता पाहता खुराडी रिकामी होतात. एकदा लक्षणे दिसल्यावर त्यावर औषध नाही. पिल्ले ५ ते ७ दिवसांची असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालावा आणि ती साधारण ८ आठवड्यांची झाल्यावर त्याच रोगाची आर-टू-बी लस टोचून घ्यावी. देवी रोगाची लस वेगळी असते. बदकांना ८ ते १२ आठवड्यांच्या वयात डक प्लेगची लस द्यावी. राणीखेतचा विषाणू बदके लक्षण न दाखवता वाहून नेऊ शकतात, त्यामुळे बदके पाळणाऱ्याने कोंबड्यांच्या लसीत हयगय करू नये. जत्रेच्या किंवा बाजाराच्या दिवशी आणलेला नवा पक्षी किमान दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. रोग बहुतेक वेळा त्याच्याच पायाने घरात येतो.

माळरान (अथणी तालुका)

आमच्याकडे खानापूरसारखा पाऊस नाही, उलट एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात. बदकांसाठी टाकीतले पाणी काही दिवस तसेच ठेवले तर चालते का? गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवर बदकांच्या माना लुळ्या पडून ती दगावली आणि कारण कोणालाच उमगले नाही.

निवृत्त पशुवैद्य

पक्षी पाहिल्याशिवाय निश्चित निदान करता येणार नाही, परंतु उन्हाळा, साचलेले पाणी आणि लुळी मान हे तीन एकत्र आले की बॉट्युलिझमची शंका पहिल्यांदा घ्यावी. कुजलेल्या पाण्यात आणि मेलेल्या प्राण्यांच्या सांगाड्यांत एक जिवाणू विष तयार करतो, त्यावर वाढलेले किडेही बदके खातात आणि त्यांचे स्नायू लुळे पडतात. तुमच्या भागात पाणी थोडे असेल तर मोठी टाकी भरून ठेवू नका. लहान घमेले घ्या, डोके बुडेल एवढेच पाणी घाला आणि ते रोज बदलून झाडांना द्या. मेलेला पक्षी किंवा उंदीर आवारात राहू देऊ नका. पूर ओसरल्यानंतर नदीकाठच्या लोकांनीही हेच करावे.

हलशी परिसर (खानापूर तालुका)

भातशेतीत बदके सोडण्याविषयी कोणीच लिहिले नाही. जपानमधील शेतकरी ताकाओ फुरुनो यांनी १९८८ पासून भाताच्या खाचरात बदके सोडण्याची पद्धत रूढ केली. बदके तण आणि किडे खातात, पाणी ढवळत राहतात आणि खतही देतात. आपल्या तालुक्यात भात एवढा असताना आपण हे का करू नये?

रानवारा

पद्धत चांगलीच आहे, पण ती जशीच्या तशी आपल्याकडे लागू होईल असे मला वाटत नाही. तिचा पाया रोप लागणीवर आहे : रोपांनी मूळ धरल्यावर, लागणीनंतर साधारण दोन आठवड्यांनी लहान बदके सोडायची आणि लोंब्या येऊ लागल्या की बाहेर काढायची, नाही तर ती दाणेच खातात. आपल्याकडे बऱ्याच शिवारात भात कुरीने पेरला जातो आणि सुरुवातीला खाचरात पाणी उभे नसते, त्यामुळे बदके कोवळे भात तुडवतात. शिवाय बांधाला बांध लागून असतो. वरच्या शेतात दाणेदार कीटकनाशक टाकले असेल तर ते पाणी आपल्या खाचरात उतरते, आणि ते दाणे टिपणारा पक्षी वाचत नाही. ज्यांचे लागणीचे खाचर स्वतंत्र आहे आणि शेजारी विश्वासू आहेत त्यांनी अवश्य करून पाहावे.

आम्ही सुगी झाल्यावर बदके रिकाम्या खाचरात सोडतो. गळलेले भात, गोगलगायी, बेडूक, किडे यांवर त्यांचे पोट भरते आणि त्या दिवसांत घरचे खाद्य पुष्कळ वाचते.

निवृत्त पशुवैद्य

त्याला जोडून सांगतो की हिवाळ्यात, स्थलांतरित पक्षी उतरतात अशा तलावांवर पाळीव बदके नेऊ नयेत. आपल्या जिल्ह्यात धुपदाळच्या बंधाऱ्यालगत घटप्रभा पक्षी अभयारण्य आहेच आणि इतर तलावांवरही पाहुणे पक्षी येतात. बर्ड फ्लूचा विषाणू रानबदके स्वतः आजारी न दिसता वाहून आणू शकतात. २००६ साली नवापूरला देशातला पहिला प्रादुर्भाव झाला तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले होते. अनेक पक्षी एकाएकी मेले तर ते न हाताळता, न विकता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

नवे परस

गावठी कोंबडीखाली बदकाची अंडी बसवण्याची पद्धत कोणी सविस्तर सांगेल का? आमच्या शेजारच्या आजी म्हणतात की कोंबडी एकवीस दिवसांनी उठून जाते.

रानवारा

आजींची शंका रास्त आहे, कारण कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात आणि बदकाच्या अंड्याला २८. परंतु चांगली खुडूक कोंबडी दिवस मोजत नाही. तिच्या अंगात बळ असेल तर ती आणखी आठवडाभर बसते. त्यासाठी तिची तब्येत राखणे हे आपले काम आहे. रोज एकदा तिला पाटीवरून उठवून मका, पाणी आणि राखेचा खड्डा द्यावा, आणि ती हगून, अंग झाडून परत येईपर्यंत जवळ थांबावे. कोंबडीची दहा-बारा अंडी मावतात तेथे बदकाची सात-आठच ठेवावीत, कारण ती मोठी असतात आणि कडेचे अंडे पंखाबाहेर राहिले तर वाया जाते.

पाटीत खाली थोडी ओलसर माती, वर पेंढा आणि मध्ये खोलगट जागा असावी. सातव्या-आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याखाली विजेरी धरून पाहावे. जीव धरला असेल तर आत लाल शिरांचे जाळे दिसते आणि मध्ये एक गडद ठिपका हलतो. ज्या अंड्यात काहीच दिसत नाही ते काढून टाकावे, नाही तर ते सडून फुटते आणि सगळी पाटी खराब होते. बदकाच्या अंड्याला ओल अधिक लागते. बदकीण पाण्यातून आली की तिच्या पिसांमुळे ती आपोआप मिळते, कोंबडीच्या बाबतीत आपण द्यायची : शेवटच्या आठवड्यात कोंबडी उठली असताना अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा.

पिल्ले निघाल्यावरची काळजी त्याहून महत्त्वाची आहे. पिसांना पाणी लागू न देणारे तेल बदकाच्या पिल्लांना सुरुवातीला आईच्या अंगावरून मिळते. कोंबडीच्या पिल्लावळीत ते मिळत नाही, त्यामुळे अशी पिल्ले पाण्यात उतरली तर भिजून गारठतात. पहिले काही आठवडे त्यांना उथळ ताटलीत खडे घालून फक्त चोच बुडेल एवढे पाणी द्यावे. कोरडी भरड त्यांच्या घशात अडकते, म्हणून खाद्य नेहमी ओले करून आणि पाण्याजवळच ठेवावे. बदकाच्या पिल्लांना नायासिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांच्या जवळजवळ दुप्पट लागते आणि ते कमी पडले की पाय वाकतात. कोंबडीच्या पिल्लांचे तयार खाद्य देत असाल तर त्यात यीस्टची पूड मिसळावी. थोडी मोठी झाली की अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारे बारीक शेवाळासारखे नेचे, द्यावा. सावलीतल्या प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात तो भराभर वाढतो आणि बदके तो मनापासून खातात.

नवे परस

मनःपूर्वक आभार. बदकाची अंडी खाण्याविषयी घरात थोडी धाकधूक आहे, आणि हिवाळ्यात अंडी कमी होतात असेही ऐकले आहे.

रानवारा

बदकाची अंडी चिखलात पडलेली असू शकतात आणि कवचाला छिद्रे असतात, त्यामुळे ती कच्ची किंवा अर्धवट शिजवून खाऊ नयेत. पूर्ण उकडून किंवा रश्श्यात घालून खाल्ली तर काळजीचे कारण नाही. पेंढा रोज बदलला तर धुण्याचीही गरज पडत नाही. हिवाळ्यात कोंबड्यांची अंडी कमी होण्यामागे थंडीपेक्षा दिवस लहान होणे हे मोठे कारण आहे. डिसेंबरात आपल्याकडे दिवस ११ तासांच्या आसपास असतो आणि अंड्यांवर राहण्यासाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. पहाटे दिवा लावून तो भरून काढता येतो. घरापुरती अंडी हवी असतील तर मी तसे करत नाही. त्या काळात त्यांची पिसे गळून नवी येत असतात आणि अंगाला विश्रांती मिळते.

डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या लसींविषयी एक प्रस्ताव ठेवते. राणीखेतच्या एका बाटलीत बहुधा १०० किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, आणि द्रावण केल्यावर ती दोन तासांच्या आत वापरून संपवावी लागते, त्यामुळे दहा-पंधरा पक्षी असलेल्या घराला एकट्याने बाटली आणणे परवडत नाही आणि म्हणून लस राहूनच जाते. खानापूर-जांबोटी रस्त्यालगतच्या वस्त्यांवरील ज्यांना एकत्र लस करून घ्यायची आहे, त्यांनी आपल्याकडील कोंबड्या, तलंगा आणि पिल्लांची संख्या व अंदाजे वय याच धाग्यावर लिहावे. बर्फाची थर्मास पेटी आमच्याकडे आहे. एका सकाळी सगळ्या वस्त्या फिरता येतील असा दिवस पावसाआधी ठरवू, आणि त्या दिवशी आजारी किंवा मलूल दिसणारा पक्षी मात्र कोणी लसीला आणू नये.